बागेतल्या पक्ष्यांसाठी घरट्याची पेटी: कोणती घ्यावी, कुठे लावावी?

अबोली
नमस्कार मंडळी. आमच्या घरामागे छोटी बाग आहे. एक जुनं मोठं झाड, कुंपणाला जास्वंदीची दाट रांग, भिंतीवर चढलेला वेल. वर गच्ची आहे, तिथे कुंड्या. चिमण्या, दयाळाची जोडी, बुलबुल, शिंपी आणि शिंजीर रोज दिसतात, राखी वल्गुली (राखाडी अंगाचा, काळ्या डोक्याचा छोटा पक्षी) अधूनमधून येते. विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्यांच्यासाठी तयार घरटी लावायची फार इच्छा आहे.

विकत घ्यायला गेले तर इतके प्रकार समोर आले की काही ठरेना. लाकडी घरकुलं, रंगीत पत्र्याची, प्लास्टिकची, मडकी, विणलेल्या टोपल्या. भोकं लहानमोठी, कुणाला पुढे बसायला दांडी, कुणाला नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, कुठलंही घ्या, पक्षी येतातच. मला ते पटलं नाही. कुठल्या पक्ष्याला कसली पेटी, किती उंचीवर, कुठल्या दिशेला, आणि किती पेट्या लावाव्या? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

किरण_प
छान धागा. मडकं टांगा, पुढचं चिमणी बघून घेईल. आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच चालू आहे.

नीरजा
मलाही हाच प्रश्न आहे. वाचनखूण साठवली.

दुर्बीण
अबोली, दुकानदाराचं उत्तर तुम्हाला पटलं नाही ते बरंच झालं. आधी पक्षी ठरवायचा आणि मग पेटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

तुमच्या यादीतल्या अर्ध्या पक्ष्यांना पेटी नकोच आहे. बुलबुल झुडपात उघडं, वाटीसारखं घरटं करतो. शिंपी पानं शिवून त्यात घरटं बांधतो. शिंजिराचं घरटं फांदीच्या टोकाला लोंबतं. या तिघांसाठी तुम्ही कितीही सुंदर खोका लावलात तरी ते त्यात जाणार नाहीत. त्यांच्यासाठी तुमची जास्वंदीची रांग आणि तो वेल हीच खरी सोय. विणीच्या काळात कुंपणाची छाटणी केली नाही तरी त्यांचं पुष्कळ काम होतं.

पेटीत येतात ते ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटं करणारे पक्षी. त्यातही तांबट आणि सुतार स्वतःची ढोली स्वतःच कोरतात. स्वतः कोरता न येणारे पक्षी आयत्या ढोलीवर अवलंबून असतात आणि पेटीचा उपयोग मुख्यतः त्यांना होतो. तुमच्याकडे असे तीन आहेत: चिमणी, राखी वल्गुली आणि दयाळ. साळुंकीही याच गटातली, पण तिला बोलवायचं की नाही यावर पुढे बोलू.

आता भोक. चिमणीला ३२ मिलिमीटर व्यासाचं भोक पुरतं. वल्गुलीला २८. दयाळ अंगाने मोठा आहे आणि त्याला अरुंद भोकापेक्षा अर्ध्या उघड्या दर्शनी भागाची खोल पेटी अधिक सोयीची. भोक गरजेपेक्षा मोठं झालं की साळुंकी आत शिरते, कावळ्याची चोच आत पोचते, मांजराचा पंजा जातो. भोकाचं माप म्हणजे घराची कडी, असं धरून चला.

पुढची दांडी मात्र काढून टाका. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला ती लागत नाही, तो भोकाच्या कडेला पकडून सरळ आत जातो. दांडीचा उपयोग होतो तो बसून आत डोकावणाऱ्या शत्रूला.

अबोली
दुर्बीण, मनापासून आभार. बुलबुलासाठी विणलेली टोपली घेणार होते, ती आता घेत नाही. आणि दांडी ही गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. जवळजवळ प्रत्येक पेटीला ती होती.

सुतारकाम
विकतची पेटी घ्यायचीच कशाला? दीड मीटर लांब, १५० मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर जाड अशी एक फळी आणा. तीत चिमणीची एक पेटी आरामात बसते. माझी पद्धत देतो.

पाठ ४५० मिलिमीटर, म्हणजे वरखाली भिंतीला ठोकायला जागा राहते. पुढची फळी २००. छप्पर २१०, पुढे आलेलं. तळ १२० बाय १५०. दोन बाजूंसाठी ४५० चा एकच तुकडा घ्या आणि त्याला तिरका छेद द्या, एका कडेला २५० आणि दुसऱ्या कडेला २०० येईल असा. दोन्ही बाजू एकाच छेदात निघतात आणि छपराला उतारही आपोआप मिळतो.

भोकाची खालची कड आतल्या तळापासून निदान १२५ मिलिमीटर वर हवी. त्याहून खाली आली तर पिल्लं वेळेआधी बाहेर पडतात आणि बाहेरचा पंजा थेट त्यांच्यापर्यंत जातो. पुढच्या फळीला आतून रंधा मारू नका, उलट भोकाच्या खाली आडव्या खाचा पाडा. उडायच्या वेळी पिल्लं त्यांना नखं रोवून वर चढतात. गुळगुळीत फळीवर ती घसरत राहतात.

तळाला कोपऱ्यांत चार बारीक छिद्रं पाणी निघायला. छपराखाली दोन्ही बाजूंना एखादं छिद्र हवा खेळायला. छप्पर बिजागरीवर बसवा आणि बाहेरून कडी लावा, साफसफाई सोपी जाते. आतून रंग, पॉलिश, वाळवीचं औषध यांतलं काहीही नको.

मी_मधुरा
सुतारकाम दादा, प्लायवुड चालेल का? घरात पडलेलं आहे.

सुतारकाम
बाहेरच्या वापराचा चांगला प्लाय असेल तर चालतो. साधा प्लाय पहिल्याच मोठ्या पावसात फुगतो, पदर सुटतात. शिवाय १५ पेक्षा पातळ घेऊ नका. जाडीमुळे आत ऊन आणि थंडी दोन्ही कमी पोचतात. पत्रा आणि पातळ प्लास्टिक तर उन्हात भट्टीसारखं तापतं, ते टाळाच.

किरण_प
म्हणजे माझं मडकं बाद?

दुर्बीण
बाद अजिबात नाही. चिमण्या मडक्यात घरटी करतात हे खरंच आहे. मातीचं मडकं पत्र्यापेक्षा खूप बरं. पण तोंड रुंद असेल तर कावळा सहज आत चोच घालतो. तोंड पक्कं बंद करून पोटाला ३२ चं भोक पाडता आलं तर उत्तम. बुडाला पाणी जायला छिद्र हवं, आणि मडकं वाऱ्यावर झुलता कामा नये. टांगलेलं मडकं आपल्या डोळ्यांना छान दिसतं, पण अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला स्थिर जागा हवी असते. वळचणीखाली दोन बाजूंनी घट्ट बांधा. आणखी एक अडचण साफसफाईची. मडकं उघडता येत नाही, जुनं घरटं भोकातून ओढून काढावं लागतं.

किरण_प
हे मान्य. माझी मडकी वळचणीखालीच आहेत, पण दोरीवर टांगलेली. या आठवड्यात सगळी दोन बाजूंनी बांधून घेतो.

रानवाटा
मला इथे थोडा वेगळा सूर लावायचा आहे, आणि तो कुणाला दुखवायला नाही.

पेट्या वाटण्याचे आणि लावण्याचे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले. २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, त्या सुमारास तर उत्साहाला भरतं येतं. पण पेटी ही फक्त जागेची टंचाई भरून काढते. चिमणी मोठेपणी दाणे खात असली तरी तिच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस किडे आणि अळ्याच लागतात. बागेत दर पंधरा दिवसांनी कीटकनाशक मारायचं, झाडाखालचा पाचोळा झाडून जाळायचा, सगळीकडे फरशी घालायची आणि मग भिंतीवर सहा पेट्या लावायच्या, हे मला पटत नाही. अशा पेटीत अंडी घातली गेली तरी पिल्लं उपाशी मरतील. मग ती पेटी कुणासाठी?

आणि ढोल्या का कमी झाल्या? वाळलेली फांदी दिसली की आपण तोडतो. जुनं झाड पोकळ झालं की धोकादायक म्हणून पाडतो. अबोली, तुमच्या जुन्या झाडाला एखादी वाळकी जाड फांदी असेल आणि ती कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल, तर राहू द्या. तांबट किंवा सुतार तिथे ढोली कोरेल आणि त्याने सोडल्यावर वल्गुली किंवा दयाळ राहायला येईल. दहा पेट्यांपेक्षा ती फांदी मोलाची.

गच्चीवरची
+१. फवारणीबद्दल तर शंभर टक्के अनुमोदन.

दुर्बीण
रानवाटा, किड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातल्या शब्दाशब्दाशी सहमत. पण पेटीला इतकं दुय्यम लेखू नका. जिथे जुनी झाडं उरलेलीच नाहीत आणि नव्या इमारतींच्या भिंतींना एक फटही नाही, तिथे जागेची टंचाई हीच पहिली अडचण असते. पेटी लावली की पक्षी वाढतात, याचे पुरावे भरपूर आहेत.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात पर्पल मार्टिन नावाची भिंगरी आता जवळजवळ पूर्णपणे माणसांनी लावलेल्या घरट्यांवर जगते. सेशेल्स बेटांवरचा दयाळ हा आपल्या दयाळाचाच भाऊबंद. एकेकाळी तो फक्त फ्रेगेट या एका बेटावर, अगदी मोजक्या संख्येने उरला होता. त्याला सावरण्यासाठी मांजरं-उंदरांचा बंदोबस्त, पूरक खाद्य आणि दुसऱ्या बेटांवर स्थलांतर यांच्या जोडीला घरट्याच्या पेट्याही लावल्या गेल्या. म्हणजे तुम्ही म्हणता तसं पेटी एकटी पुरत नाही, पण तिच्यावाचून काम अडलंही असतं.

आणि मजा अशी की ज्या अळ्यांच्या चिंतेने लोक फवारणी करतात, ती चिंताही पेटीतला पक्षी कमी करतो. नेदरलँड्समधल्या सफरचंदाच्या बागांत पेट्या लावून ग्रेट टिट वाढवले, तेव्हा फळांचं अळ्यांनी होणारं नुकसान कमी झालं, असं तिथल्या अभ्यासात २००२ साली प्रसिद्ध झालं. हा पक्षी आपल्या राखी वल्गुलीचा अगदी जवळचा नातलग. तेव्हा फवारणी थांबवा आणि पेटी लावा, दोन्ही एकदम.

रानवाटा
दोन्ही एकदम, यावर माझी हरकत नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी फवारणी बंद, मग पेटी.

वसंत_काका
क्रमाचं बरोबर आहे. पण लहान मुलांच्या हातात आधी पेटी दिली की फवारणी ती स्वतःच बंद करायला लावतात. आमच्या नातवाने घरात कायदाच केला आहे, बागेत औषधाची बाटली दिसली की आजोबांना त्या दिवशी गोष्ट सांगायला मनाई.

मी_मधुरा
काका, नातवाला माझ्याकडून शाबासकी!

परदेशी_पाखरू
इथे एक गोष्ट भर घालण्यासारखी. मी राहते त्या उत्तर अमेरिकेत हीच घरचिमणी पाहुणी नसून घुसखोर मानली जाते. १८५० च्या दशकात युरोपातून आणून ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सोडली आणि ती खंडभर पसरली. ब्लूबर्ड या इथल्या मूळच्या निळ्या पक्ष्याच्या पेट्यांत ती शिरते, अंडी फोडते, कधी बसलेल्या मादीलाही मारते. ब्लूबर्डला ३८ मिलिमीटरचं भोक लागतं. त्यातून स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातला, ढोल्या बळकावणारा पक्षी) जात नाही पण चिमणी जाते, त्यामुळे पेटी लावणाऱ्याला सतत लक्ष ठेवावं लागतं.

लहानपणापासून चिमणीचा घास ऐकत मोठी झालेली मी, पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मान्य करायला मनाची फार ओढाताण झाली. पण आपण राहतो तिथला मूळचा पक्षी कोणता आणि बाहेरून आणलेला कोणता, हे पाहूनच पेटी लावावी असं आता ठाम मत आहे.

नीरजा
म्हणजे साळुंकीचंही तसंच का? दुर्बीण यांनी वर अर्धवट सोडलं होतं.

दुर्बीण
अगदी बरोबर. साळुंकी आपल्याकडची मूळची आहे, तिचा राग करायचं काही कारण नाही. ऑस्ट्रेलियात मात्र ती बाहेरून नेली गेली आणि तिथे ती मूळच्या पोपटांच्या ढोल्या बळकावते. आपल्याकडेही ती दांडगी आहेच. मोठ्या भोकाची पेटी लावलीत तर दयाळाच्या आधी साळुंकी येण्याची शक्यता जास्त. ज्यांना साळुंकी हवी त्यांनी जरूर लावावी. चिमणी हवी असेल तर ३२ च्या पुढे जाऊ नका, कारण साळुंकी त्यातून जात नाही.

भोकाच्या मापाने काय घडू शकतं याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण सांगतो, बागेच्या बाहेरचं असलं तरी. बर्म्युडा बेटांवर काहाओ नावाचा समुद्रपक्षी आहे. तो सुमारे तीनशे वर्षं नामशेष झाल्याचं मानलं जात होतं आणि १९५१ मध्ये तो पुन्हा सापडला. उरलेल्या थोड्या जोड्या खडकाच्या कपारींत घरटी करायच्या आणि अंगाने मोठा ट्रॉपिकबर्ड हा दुसरा समुद्रपक्षी तिथे घुसून पिल्लं मारायचा. मग कपारीच्या तोंडावर नेमक्या मापाची लाकडी चौकट बसवली, काहाओ आत जाईल आणि ट्रॉपिकबर्ड अडेल अशी. पुढे डेव्हिड विंगेट यांनी आयुष्य या कामाला वाहिलं, कृत्रिम बिळं बांधली आणि ती जात सावरली. थोड्या मिलिमीटरांचा फरक होता.

गच्चीवरची
काय सुंदर माहिती! यावर वेगळा धागाच काढा.

अबोली
काहाओबद्दल वाचताना अंगावर काटा आला. पण मंडळी, माझा जागेचा प्रश्न अजून बाकी आहे. गच्चीवर लावू, भिंतीवर लावू की झाडावर? आणि दिशा कोणती?

गच्चीवरची
गच्चीवर माझा अनुभव आहे म्हणून सांगते. कठड्यावर किंवा कुंड्यांच्या मधे लावू नका. आपण पाणी घालायला रोज जातो, कपडे वाळत घालतो, पक्ष्याला ती वर्दळ नको असते. जिन्याच्या खोलीची बाहेरची भिंत, छज्जाखाली, हात पोचणार नाही अशी जागा आमच्याकडे उत्तम ठरली. सावली आणि पावसापासून आडोसा, दोन्ही मिळतं. चिमण्यांनी कठड्याजवळच्या पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ही मात्र लगेच धरली.

दुर्बीण
गच्चीवरची यांनी मुद्द्याचं सांगितलं. दिशेचं तत्त्व साधं आहे: दुपारचं ऊन आणि पावसाचा झोत, दोन्ही भोकात शिरू नयेत. कडक उन्हाच्या प्रदेशात पश्चिम आणि दक्षिण टाळा, उत्तर ते पूर्व यांच्या मधली दिशा सुरक्षित. भिंत दाट सावलीत असेल तर दिशेचं फारसं महत्त्व उरत नाही. पेटी किंचित पुढे झुकलेली ठेवा म्हणजे पाणी भोकापासून दूर गळतं. मागे मात्र कधीही झुकवू नका.

उंची दोन ते चार मीटर पुरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेटीसमोरची मोकळी हवा. पक्ष्याला सरळ उडत येऊन भोकात शिरता आलं पाहिजे. पण दोनचार मीटरवर एखादं झुडूप असावं. आईबाप आधी तिथे बसतात, आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहतात आणि मग पेटीत जातात.

आणि संख्या. चिमण्या शेजाराने राहणाऱ्या, त्यांच्या दोनतीन पेट्या एकाच भिंतीवर थोड्या अंतराने लावल्या तर त्यांना आवडतं. दयाळ आणि वल्गुली आपला इलाखा राखतात. बागेत त्यांची एकेकच पेटी ठेवा. एका लहान बागेत दयाळाच्या दोन पेट्या म्हणजे हंगामभर भांडण.

पहाटगाणी
आमचा दयाळ तर खिडकीच्या काचेतल्या दयाळाशीच रोज भांडतो. दोन पेट्या लावल्या तर काचेतल्यालाही एक द्यावी लागेल.

दुर्बीण
पहाटगाणी, त्या काचेवर बाहेरून कागद किंवा जाळी लावा. आपलं प्रतिबिंब म्हणजे दुसरा नर असं तो समजतो आणि पिल्लांना भरवायचा वेळ त्यात जातो.

मनीमाऊ
माझ्याकडे दोन मांजरं आहेत आणि बागेत चिमण्याही आहेत. मी पेटी लावावी की नाही?

रानवाटा
मांजरं मोकळी फिरत असतील तर लावू नका. हे कठोर वाटेल, पण पिल्लं उडायला शिकतात ते दिवस जमिनीवर आणि झुडपांत जातात. पेटीत त्यांना वाचवून काय उपयोग, खाली मांजर बसलेलं असेल तर?

मनीमाऊ
पेटी मनापासून हवी आहे. विणीच्या काळात मांजरं घरात ठेवायची तयारी आहे.

वसंत_काका
मग जरूर लाव बाळ. भिंतीवर अशा ठिकाणी की शेजारी कठडा, पाइप, फांदी, खिडकीचं छत असं काही नको. मांजर जिथून उडी मारू शकतं त्या प्रत्येक जागेवरून पेटीकडे एकदा नजर टाकून बघ. झाडावर लावायची असेल तर खोडाभोवती गुळगुळीत पत्र्याची रुंद पट्टी गुंडाळतात, त्यावरून मांजराला आणि खारीला चढता येत नाही.

सुतारकाम
खारीवरून आठवलं. खार भोकाच्या कडा कुरतडून ते मोठं करते. भोकाभोवती ३२ च्याच मापाची धातूची चकती स्क्रूने बसवा. चकतीच्या कडा कानशीने घासून बोथट करा.

मी_मधुरा
एक भाबडा प्रश्न. पेटी लावली आणि कुणीच आलं नाही तर? आमची मागच्या हंगामात रिकामीच राहिली.

दुर्बीण
पहिल्या हंगामात रिकामी राहणं अगदी सामान्य आहे. पक्षी जागा पाहून ठेवतात आणि पुढच्या खेपेला येतात. म्हणूनच पेटी हंगामाच्या कितीतरी आधी लावावी. थंडीत ती रात्रीच्या मुक्कामालाही वापरली जाते. दोन हंगाम लागोपाठ रिकामी गेली तर जागा बदला. बहुतेकदा ऊन, वर्दळ किंवा जवळ टांगलेलं दाण्याचं भांडं, यांपैकी एक कारण निघतं. दाणे खायला दिवसभर पक्ष्यांची गर्दी होते आणि घरट्याजवळ जोडीला शांतता मिळत नाही. भांडं बागेच्या दुसऱ्या टोकाला न्या.

नीरजा
आत डोकावून पाहिलं तर चालतं का? मुलं फार मागे लागतात.

दुर्बीण
अंडी असताना आणि पिल्लं मोठी होत आली की अजिबात नको. पिसं भरलेली पिल्लं घाबरून वेळेआधी उडी मारतात. दुरून दुर्बिणीने पाहा. चिमणीची अंडी साधारण अकरा ते चौदा दिवसांत फुटतात आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. मुलांना ये-जा मोजायला बसवा, तासाभरात आईबाप किती वेळा घास आणतात ते लिहून ठेवू द्या. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात १९४७ पासून टिटच्या पेट्यांची नोंद अखंड चालू आहे. हवामान बदलल्याने पक्षी अंडी लवकर घालू लागले हे अशाच वर्षानुवर्षांच्या नोंदींतून कळलं. मुलांची वहीही त्याच जातीचं काम आहे.

पहाटगाणी
पिल्लू खाली पडलं तर हात लावायचा नसतो ना? आई मग घेत नाही म्हणतात.

रानवाटा
हा जुना गैरसमज आहे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. उघडं, पिसं न आलेलं पिल्लू खाली दिसलं तर हलक्या हाताने परत पेटीत ठेवा. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू मात्र हरवलेलं नसतं, ते उडायला शिकत असतं. त्याला घरात नेऊन भात भरवू नका. फार तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा. आईबाप आसपासच असतात.

मनीमाऊ
हे प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

गच्चीवरची
साफसफाईबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

सुतारकाम
हंगाम पूर्ण संपला आणि पेटीत ये-जा थांबली याची नीट खात्री झाल्यावरच उघडा. चिमणी एका हंगामात अनेकदा अंडी घालते, त्यामुळे घाई नको. हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून जुनं घरटं काढा, त्यात पिसवा आणि गोचिडं असतात. मग पेटीत उकळतं पाणी ओता आणि ती उघडी ठेवून पूर्ण वाळू द्या. कीटकनाशक किंवा फिनेल नको. गांधीलमाश्या पोळं करत असतील तर छपराच्या आतल्या बाजूला अंगाचा साबण कोरडाच घासून ठेवतात.

किरण_प
एवढं सगळं वाचून मी सुतारकाम यांच्याकडे एक पेटी मागणार आहे. मडकी राहतीलच, पण शेजारी एक लाकडीही हवी.

अबोली
सगळ्यांचे किती आभार मानू! आता माझं असं ठरलं आहे. जिन्याच्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, छज्जाखाली, चिमण्यांसाठी ३२ च्या भोकाच्या तीन पेट्या. मागच्या भिंतीवर वेलाच्या आडोशाला दयाळासाठी अर्ध्या उघड्या तोंडाची एक. जुन्या झाडावर वल्गुलीसाठी २८ ची एक. कुंपणाची छाटणी हंगाम संपेपर्यंत नाही. फवारणी आम्ही करतच नव्हतो, पण माळीबुवांना आजच ठणकावून सांगितलं. आणि रानवाटा, झाडाला खरंच एक वाळकी फांदी आहे. ती पुढच्या महिन्यात तोडायची ठरली होती, ते रद्द केलं. खाली कुणी जात नाही.

एकच विचारायचं राहिलं. झाडावर पेटी खिळ्याने ठोकू का?

रानवाटा
फांदी वाचली हे वाचून फार बरं वाटलं, अबोली ताई. खिळे नकोत. खोडाला इजा होते, आणि झाड जाड होत गेलं की पेटीही सैल होते.

सुतारकाम
पाठीच्या फळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला छिद्रं पाडा आणि खोडाभोवती रुंद नायलॉनचा पट्टा बांधा. तार वापरायची असेल तर जुन्या पाण्याच्या नळीच्या तुकड्यातून ओवून घ्या म्हणजे साल कापली जात नाही. दरवर्षी साफसफाई करताना पट्टा थोडा सैल करून पुन्हा बांधा, खोड वाढलेलं असतं. २८ च्या भोकाचं गिरमिट मिळत नसेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, पुढची फळी मी भोक पाडून तयार करून पाठवतो.

अबोली
निरोप केला आहे, दादा. फळीची जाडी १५ च ठेवते.